कडीपाटावर फोडलेले खापर

जुन्या घराची दुरुस्ती काढली की नांदेडच्या विष्णुपुरीपासून लातूरच्या औशापर्यंत एकच सल्ला ऐकायला मिळतो: लाकूड काढा, स्लॅब टाका. सल्ला देणारा गवंडी असो, ठेकेदार असो, की पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला थोरला मुलगा, त्याच्या बोलण्यात शंकेला जागा नसते. माडीची कडी जरा वाकली, चालताना फळी करकरली, की कडीपाटाचे, म्हणजे कड्या-फळ्यांच्या छताचे, दिवस भरले असे ठरते. कोणी वाद घातलाच, तर शेवटचा हुकमी पत्ता म्हणून किल्लारीचा भूकंप पुढे केला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माळवदांनी माणसे मारली, मग अजून लाकडाखाली झोपायचे का? हा प्रश्न इतका जिव्हारी लागणारा आहे की त्यापुढे कोणी बोलत नाही. पण तो तपासायला हवा, कारण त्यात आरोपी चुकीचा धरला आहे. किल्लारीत लाकडी कडीने माणूस मारला नाही. तो मारला दगडामातीच्या भिंतीने आणि कडीवर पिढ्यान्‌पिढ्या चढवत नेलेल्या मातीने. आता या गैरसमजापायी कडी काढून तिच्या जागी जे घातले जाते, ते पुष्कळदा त्याच मारेकरी भिंतीवर नव्याने टाकलेले ओझे असते.

आधी घर कसे उभे असते ते पाहू. मराठवाड्यातले जुने घर खणांत मोजले जाते. दगडी उथळ्यांवर सागाचे, नाहीतर बाभळीचे, कडुनिंबाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे माळवद. भोवतीची भिंत दोन-अडीच फूट, कुठे चार फूटही जाड. ती दिसते एकसंध, पण आतून दोन स्वतंत्र पापुद्रे असतात. बाहेर एक थर, आत एक थर, दोन्ही गोटाळ दगडांचे, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड क्वचितच सापडतो. या रचनेतली मुख्य गोष्ट अशी की चांगल्या बांधलेल्या खणात छताचे वजन भिंतीवर नसते, खांबावर असते. भिंत ही चोर, ऊन आणि पाऊस अडवायला. सुताराने घर उभे केले आणि गवंड्याने त्याला अंगरखा घातला, इतकी ही कामे वेगळी होती.

त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांनंतर लोक गाढ झोपेत असताना, 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने या दोन कामांची वेगवेगळी परीक्षा घेतली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भारताच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, त्यामुळे घरे तशी बांधण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नव्हता. धक्क्यात भिंतींचे दोन पापुद्रे फुगले, एकमेकांपासून सुटले आणि दगड आतबाहेर ढासळले. नंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली: कित्येक ठिकाणी भिंती पूर्ण कोसळूनही लाकडी खांब, तुळया आणि कड्या जागच्या जागी उभ्या होत्या. अंगरखा फाटला होता, अंग शाबूत होते. या दृश्यातून शिकायचा धडा सरळ होता, पण आपण नेमका त्याच्या उलटा काढला.

तरी लाकडाला सरसकट निर्दोष सोडणेही खरे ठरणार नाही. सगळे खण उभे राहिले नाहीत. खांब उथळ्यावर नुसता ठेवलेला, तुळई खांबावर नुसती बसवलेली, जोडाला एखादे कुसू, आणि तिरपा आधार कुठेच नाही. अशा चौकटीला वरून येणारे वजन पेलते, बाजूचा धक्का पेलत नाही. ती झुलते, आणि डोक्यावर टनांनी माती असेल तर झुलता झुलता सांध्यातून सुटते. शिवाय पुष्कळ घरांत लाकडाचा खर्च वाचवायला कडेचे खांब गाळून कड्यांची टोके सरळ भिंतीत कोंबलेली होती. तिथे भिंत गेली आणि कडी तिच्यामागे गेली. म्हणजे दोष लाकडाचा नव्हे. तो सांध्याचा, भिंतीवर टाकलेल्या विश्वासाचा आणि मातीच्या वजनाचा होता. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहे आणि तो लाकूड न काढता करता येतो.

मातीचेच घ्या. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची रीत आहे. जुना थर मात्र कोणी काढत नाही. आजोबांनी टाकलेला थर तसाच, त्यावर वडिलांचा, त्यावर आपला. असे करत जाडी दीड-दोन फुटांवर पोचते. दाबून बसलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे 1,700 किलो धरले, तर अर्धा मीटर जाडीचे माळवद दर चौरस मीटरला 850 किलो भरते. दहा फूट बाय दहा फुटांच्या एका खोलीवर हे जवळपास आठ टन झाले. भारतीय मानकांनुसार राहत्या घरात माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. म्हणजे त्या खोलीत कोणी पाऊल टाकण्याआधीच कडीवर नेहमीच्या भाराच्या चौपट ओझे बसलेले असते. चार इंच रुंद, सहा इंच उंच, दहा फूट लांब सागवानी कड्या दीड-दीड फुटावर असतील, तर या मातीखाली प्रत्येक कडी मधोमध दीड सेंटिमीटरच्या आसपास वाकेल. लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू आणखी बसत जाते, म्हणून काही वर्षांत हा बाक दुप्पटही होऊ शकतो. मग घरमालक वर बघतो आणि म्हणतो, कडी म्हातारी झाली. कडी म्हातारी झालेली नसते, तिच्या पाठीवर हत्ती उभा असतो. तीच माती 20 सेंटिमीटरवर आणली तर बाक अर्ध्या सेंटिमीटरहून थोडासाच जास्त उरतो. हे गणित शाळकरी आहे, पण स्लॅबचा सल्ला देणाऱ्यांपैकी किती जणांनी ते मांडून पाहिले असेल, देव जाणे.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पाच इंची स्लॅब, वरचा कोबा आणि खालचे प्लास्टर मिळून वजन चौरस मीटरला 400 किलोच्या घरात जाते. साडेआठशेपेक्षा चारशे कमी, हे मान्यच आहे. माती न उतरवता कडीपाट ठेवण्यापेक्षा स्लॅब हलका पडतो. पण 20 सेंटिमीटर माती ठेवलेला कडीपाटही याच वजनात बसतो, त्यामुळे हलकेपणाचा फायदा फावड्याने मिळतो, त्याला सिमेंट लागत नाही. खरा प्रश्न वजन किती हा नाही, ते उतरते कुठून हा आहे. कडीपाट काढताना खांबही काढले जातात, कारण खोली मोकळी हवी असते. आणि स्लॅब टेकतो त्याच दोन पापुद्र्यांच्या, मातीने जोडलेल्या भिंतीवर. जी भिंत आजवर फक्त स्वतःचे वजन उचलत होती, तिच्यावर आता संपूर्ण छत आले. पुढच्या धक्क्याला ती फुगली, तर खाली येणार आहे चार टनांची अखंड फरशी. 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात गोटाळ दगडाच्या भिंतींवर काँक्रीटचे स्लॅब टाकलेली घरे अशीच बसली. आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत खांब-तुळयांच्या काँक्रीट इमारतीही पडल्या, म्हणजे सिमेंट हा शब्द उच्चारला की भूकंप माघारी फिरतो असेही नाही. स्लॅब चांगला असतो; तो घट्ट पट्ट्यांनी बांधलेल्या भिंतींवर किंवा नीट सळई भरलेल्या काँक्रीटच्या चौकटीवर असेल तेव्हा. माती-दगडाच्या भिंतीवर ठेवलेला स्लॅब म्हणजे पक्क्या घराचा मुखवटा.

आता दुसऱ्या बाजूच्या चुकांकडे वळू, कारण लाकूड राखणारे सगळेच शहाणे असतात असे नाही. त्यांचा लाडका उपाय म्हणजे टेकू. कडी वाकली की मधोमध एक खांब किंवा लोखंडी पाइप उभा करायचा, खाली फरशीचा तुकडा, आणि झाले काम. मधल्या आधाराचा गुण मोठा आहे, यात वाद नाही. दहा फुटांच्या अंतराचे पाच-पाच फूट झाले की कडीतला सर्वांत मोठा वाकवणारा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो आणि बाक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. पण त्याची किंमत कोणी सांगत नाही. मधला आधार खोलीचे निम्मे वजन घेतो असे वाटते. प्रत्यक्षात अखंड कडीच्या बाबतीत तो आठातले पाच भाग घेतो. आठ टनांच्या खोलीत पाच टन. हे पाच टन जर शेणाने सारवलेल्या जमिनीवर, आणि त्याखालच्या काळ्या मातीवर उतरले, तर पुढे काय होते? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते. श्रावणात टेकू कडीला वर ढकलतो, वैशाखात तिच्यापासून सुटून लोंबकळतो. शिवाय दोन टोकांवर टेकलेल्या कडीत ताण खालच्या अंगाला असतो, पण मध्ये आधार येताच त्या जागी तो वरच्या अंगाला जातो. वर्षानुवर्षे गळलेल्या माळवदाखाली कडीचे वरचे अंगच आधी कुजलेले असते. आधार म्हणून दिलेला टेकू तिथेच तिला मोडू शकतो. म्हणून टेकूला दगडी उथळा आणि त्याखाली मुरुमापर्यंत, निदान काळ्या मातीच्या हलत्या थराच्या खाली गेलेला पाया हवा, नाहीतर तो देऊच नये.

लोखंडी गर्डरचेही तेच. कड्यांखाली आडवा गर्डर सरकवून त्याची दोन्ही टोके भिंतीत बसवण्याची पद्धत आता गावोगावी रूढ झाली आहे, आणि दिसायला ती टेकूपेक्षा सुबक आहे. पण गर्डरने गोळा केलेले ते पाच टन आता भिंतीतल्या दोन भोकांवर, प्रत्येकी अडीच टनांनी, एकवटले. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात: भार पुन्हा त्याच अविश्वासू भिंतीवर. गर्डर घ्यायचाच तर त्याच्या दोन्ही टोकांखाली स्वतंत्र खांब उभे करा, भिंतीला लागून पण भिंतीवर नव्हे. जुन्या सुताराने खण रचताना हेच केले होते. लोखंड आले म्हणून नियम बदलत नाही.

मजबुतीचा खरा क्रम उलट्या बाजूने, वरून सुरू होतो. पहिले काम माती उतरवणे. ती उतरवल्याशिवाय कमजोर कडीच्या बगलेला कितीही चांगली जोडकडी ठोकली तरी जुना सगळा भार जुनीच कडी वाहत राहते आणि नवी नुसती शोभेला उभी असते. ओझे उतरले, जुनी कडी जराशी उसासली, की तिच्या शेजारी टोकापासून टोकापर्यंत पूर्ण लांबीची जोडकडी द्यावी आणि दोन्ही आरपार बोल्टांनी, वर-खाली आलटून-पालटून, एकजीव कराव्यात. रुंदी दुप्पट केली तर बाक निम्मा होतो. उंची दुप्पट केली तर आठवा हिस्सा. म्हणून जोडकडी जाड घेण्यापेक्षा उंच घेणे केव्हाही फायद्याचे. जुना बाक जॅक लावून एका दिवसात सरळ करण्याचा हट्ट मात्र धरू नये. लाकडाने वर्षानुवर्षांत घेतलेले वळण झटक्यात काढायला गेले तर तंतू फाटतात. त्यानंतर सांधे: खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात दोन्ही दिशांना तिरपे लाकडी किंवा लोखंडी आधार, तुळईवर कडीला पकडणारी लोखंडी पट्टी, खांबाच्या पायथ्याला उथळ्याशी बांधणारी कोनपट्टी. आणि शेवटी भिंत. ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरले की दोन पापुद्रे एकमेकांना धरतात. दगडी बांधकामाच्या 1993 च्याच भारतीय मानकात, आयएस 13828 मध्ये, असे बांधदगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त 1.2 मीटरला सांगितले आहेत. जुन्या घरांच्या मजबुतीसाठी आयएस 13935 आहे. हे ज्ञान परदेशातून आणायचे नाही, आपल्या मानकांत छापलेले आहे.

यावर पहिला आक्षेप गळतीचा. माती कमी केली तर पाऊस आत येईल. खरेच आहे, कारण जाडी हाच माळवदाचा जलरोधक होता. पण आज 20 सेंटिमीटर मातीच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद टाकून, पन्हाळीकडे नीट उतार दिला तर दोन फुटांचे काम होते. दुसरा आक्षेप वाळवीचा. वाळवीला ओल लागते, आणि ओल कडीत येते ती दोन वाटांनी: वरच्या गळतीतून आणि भिंतीत गाडलेल्या टोकातून. टोकाभोवती बोटभर हवा खेळती ठेवली, कुजलेला भाग कापून नवे लाकूड जोडले, आणि गळती थांबवली, की उरलेला साग आणखी एक पिढी सहज काढतो. तुलनेला म्हणून लक्षात ठेवावे की आच्छादन कमी पडलेल्या स्लॅबमधली सळईही ओलीने गंजते आणि फुगून खालचे प्लास्टर पाडते. फरक एवढाच की कडी टाचणीने टोचून तपासता येते. सळई दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की कडीपाटाखाली कोण झोपते आणि पाच इंची स्लॅबखाली कोण, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

तिसरा आक्षेप वरच्या मजल्याचा. कडीपाटावर माडी चढवता येत नाही, पाण्याची टाकी ठेवता येत नाही. टाकीबद्दल आक्षेप मान्य आहे: हजार लिटर म्हणजे एक टन, तोही एका कोपऱ्यात, आणि तो कडीवर नकोच. टाकीला अंगणात चार पायांचा वेगळा मनोरा द्यावा. सोयाबीनची आणि हरभऱ्याची पोतीही माडीच्या मधोमध नव्हे, खांबांच्या रांगेजवळ रचावीत. पण मजला चढवण्याची इच्छा हे दगडामातीच्या भिंतीवर स्लॅब टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट तोच सर्वांत मोठा धोका आहे. ज्याला दोन मजले हवेत त्याने पायापासून नवे घर बांधावे, त्याला कोणी अडवत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि त्यात सरकारही भागीदार आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली, आणि त्याच कार्यक्रमात जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीसाठीही मदत होती, दोन लाखांच्या आसपास घरांसाठी. पण अनेकांनी ती रक्कम जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली उभारण्यात घातली, आणि जुन्या घरात राहणे चालूच ठेवले. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडाने माणसे गाडली त्यावर पैसा खर्च करायला मन धजत नाही, आणि आरपार बांधदगड भिंतीत दिसत नाही, खोली मात्र दिसते. आजही स्थिती तीच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 पासून मैदानी भागात नव्या पक्क्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये देते. माळवदाची माती उतरवायला, सांध्यांना पट्ट्या मारायला, खांबाचा पाया सुधारायला त्यात जागा नाही. कच्चे आणि पक्के हा भेद साहित्यावरून केला जातो, भार कुठून उतरतो यावरून नव्हे. या व्याख्येने सागाची सुबक चौकट कच्ची ठरते आणि मातीच्या भिंतीवरचा स्लॅब पक्का दिसतो. व्याख्याच अशी असेल तर ठेकेदाराला काय बोल लावायचा?

जिथे मजबुती व्यर्थ आहे तिथे ती सुचवणेही अप्रामाणिक ठरेल. भिंत ओळंब्यातून उघड बाहेर गेली असेल, मधली पोकळी रिकामी झाली असेल, किंवा कड्यांची टोके खांब नसताना भिंतीतच असतील आणि नवे खांब द्यायला जागा नसेल, तर घर उतरवणे हाच इलाज आहे. तेव्हाही चांगले लाकूड जळणात जाऊ नये. किनवट-माहूरच्या जंगलातला जुना साग आज त्या मापात विकत मिळणे कठीण, आणि नव्या चौकटीत तो पुन्हा बसू शकतो.

राहिला प्रश्न करणार कोण. सुतार संपले असे म्हणतात, पण संपले ते काम, आणि मागणी नसली की कोणतेही काम संपते. विष्णुपुरीत 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तिथून नांदेडची जुनी गल्ली काही किलोमीटरवर. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीजवळच्या 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडची घरेही हलली. तेव्हा प्रश्न इतिहासाचा नाही. स्थापत्यशाखेच्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात पन्नास खणांची मापे घेतली, मातीची जाडी, कडीचा बाक आणि टोकाची ओल नोंदवली, तर कोणते घर राखायचे आणि कोणते उतरवायचे हा निर्णय कानगोष्टींवरून काढून आकड्यांवर आणता येईल. तोवर घरमालकाला करता येण्याजोगे काम फावडे आणि पाट्यांचे आहे. मेच्या शेवटी माळवदावर माती चढवायची वेळ येईल, तेव्हा यंदा पाट्या वर नेऊ नयेत, खाली आणाव्यात. आणि आणताना एका बाजूने सपाट करत न जाता दोन्ही बाजूंनी सारखी माती काढत मधोमध यावे, म्हणजे चौकटीवर एका अंगाला भार साचणार नाही.